ई-मेल १९९५ च्या आधीही होता, आणि त्याची वाट माणसं शोधून ठेवत होती

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत भारतातल्या इंटरनेटच्या वाटचालीवर आलेला लेख वाचला. मेहनतीने लिहिलेला आहे. पण त्यात म्हटलं आहे की १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सेवा सुरू केली आणि भारतात ई-मेल आला. यातला पहिला भाग बरोबर आहे, दुसरा नाही. सामान्य माणसाला पैसे भरून जोडणी मिळू लागली ती १९९५ साली. ई-मेल मात्र त्याच्या आठ-नऊ वर्षं आधी मुंबईत आला होता. जुहूचं एनसीएसटी (नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी) आणि पवईची आयआयटी यांच्यात १९८६-८७ च्या सुमारास साध्या टेलिफोनच्या लाइनवरून संगणकी टपालाची ये-जा सुरू झाली होती. अर्नेट नावाचा हा प्रकल्प केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने उभा केला होता. पाच आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था त्यात होत्या. एनसीएसटीचे डॉ. श्रीनिवासन रमणी यांचं नाव २०१४ साली इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये नोंदलं गेलं, ते याच कामासाठी.

एवढी दुरुस्ती दोन ओळींत करून थांबता आलं असतं. पण त्या काळातल्या ई-मेलबद्दल एक गोष्ट कुठल्याच लेखात येत नाही आणि ती लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. तेव्हा टपाल कुठून कुठे जाणार, ही वाट आपोआप ठरत नव्हती. ती माणसं शोधत होती.

मी १९८५ ते १९९० अमेरिकेच्या मध्यभागातल्या एका राज्य विद्यापीठात शिकत होते. शिष्यवृत्तीच्या बदल्यात विभागाच्या व्हॅक्स संगणकाची देखभाल करायचं काम माझ्याकडे होतं आणि त्यातलं सगळ्यात नाजूक काम टपालाचं. आमचा संगणक अर्पानेटवर, म्हणजे आजच्या इंटरनेटच्या पूर्वजावर, नव्हता. तसले संगणक थोडे, आणि ते बहुतेक सरकारी संशोधनाचे पैसे मिळणाऱ्या संस्थांकडे. आम्ही होतो यूयूसीपीवर. बेल लॅब्ज या अमेरिकन टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या माइक लेस्क यांनी १९७६ च्या सुमारास लिहिलेला हा प्रोग्रॅम १९७९ पासून युनिक्स या संगणक-प्रणालीबरोबरच मिळू लागला. त्याला वेगळी तार लागत नसे. टेलिफोन आणि मॉडेम असला की झालं. ठरलेल्या वेळी आमचा संगणक शेजारच्या गावातल्या संगणकाला फोन लावी, साठलेलं टपाल देई, तिकडचं घेई आणि फोन ठेवी. आमचा मॉडेम सेकंदाला १२०० बिटचा, म्हणजे सुमारे १२० अक्षरं. लांबच्या फोनचा दर रात्री अकरानंतर उतरायचा, म्हणून बरंचसं टपाल अकराची वाट बघत पडून असे.

ज्याला पत्र पाठवायचं, त्याच्या संगणकाला आपला संगणक थेट फोन करत नसेल, तर पत्र मधल्यांच्या हातून जायचं. आणि त्या मधल्यांची नावं पाठवणाऱ्याने पत्त्यातच लिहायची. प्रत्येक नावानंतर उद्गारचिन्ह. आधी आपल्या शेजाऱ्याचं नाव, मग त्याच्या शेजाऱ्याचं, असं करत शेवटी माणसाचं. अमेरिकेत त्या चिन्हाला बोलताना ‘बँग’ म्हणायचे. आमच्या शेलमध्ये, म्हणजे संगणकाला आज्ञा द्यायच्या प्रोग्रॅममध्ये, उद्गारचिन्हाचा अर्थ वेगळा होता, ‘मागची आज्ञा पुन्हा दे’ असा. म्हणून प्रत्येक चिन्हाआधी एक उलटी तिरकी रेघ टाकावी लागे. सहा मशीनांचा पत्ता असला की सहा रेघा. एक विसरली की सगळं पुन्हा.

माझे वडील, अण्णा, रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये (आरएमएस) सॉर्टर होते. मिरज स्टेशनवर गाडी लागली की लाल डब्यात चढायचे आणि रात्रभर हलत्या डब्यात पत्रं खणांत टाकत जायचे. १९८७ च्या उन्हाळ्यात मी घरी आले, तेव्हा त्यांना हे सगळं जुन्या वहीच्या पानावर काढून दाखवलं. ‘मु. पो. अमुक, व्हाया इस्लामपूर’ असं आपल्याकडे लिहितात, तसं इथे व्हाया, व्हाया, व्हाया असं शेवटपर्यंत लिहावं लागतं, असं सांगितलं. अमेरिकेतल्या आमच्या लोकांच्या व्हिजिटिंग कार्डावर पत्ता महिरपी कंसाने सुरू व्हायचा. त्या कंसात तीन-चार प्रसिद्ध मशीनांची नावं असायची: शिकागोजवळ इंडियन हिलला असलेल्या बेल लॅब्जचं आयएचएनपी४, ‘डिजिटल’ नावाच्या संगणक-कंपनीचं डेकव्हॅक्स, बर्कली विद्यापीठाचं यूसीबीव्हॅक्स. अर्थ असा, की यांच्यापैकी कुठेही पोहोचा, तिथून पुढची वाट ही. तुम्ही तुमच्या गावाहून मिरजेला कसे येता ते तुमचं तुम्ही बघा, मिरजेपासून आमच्या घरापर्यंत आम्ही सांगतो, असंच ते.

अण्णांनी पान बराच वेळ पाहिलं. दोनच प्रश्न विचारले. पहिला, ‘कोण कुणाला किती वाजता फोन करतं ते यात कुठाय? बॅग कधी बंद होते ते कळल्याशिवाय वाट सांगता येत नाही.’ दुसरा, ‘मधल्यांचा खर्च कोण देतं?’

पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं. पाथअलायस नावाचा प्रोग्रॅम नेमकं तेच विचारायचा. स्टीव्ह बेलोविन आणि पीटर हनिमन यांचं हे काम, १९८६ साली त्यांनी त्यावर निबंधही वाचला. कुठलं मशीन कुणाला फोन करतं आणि किती वेळा करतं, याची यादी त्याला द्यायची. मग तो आपल्या मशीनपासून जगातल्या प्रत्येक मशीनपर्यंतची सगळ्यात स्वस्त वाट काढून देई. ‘स्वस्त’ म्हणजे पैशात नव्हे. प्रत्येक दुव्याला एक आकडा होता. आतल्या आत जोडलेल्या मशीनांना २५. हवा तेव्हा फोन करता येत असेल तर ३००. तासातासाला होत असेल तर ५००. फक्त संध्याकाळी असेल तर १८००. दिवसातून एकदा ५०००, आठवड्यातून एकदा ३०,०००. हे आकडे मला आजही पाठ आहेत.

यात एक गंमत आहे, ती अण्णांना लगेच कळली. दिवसात तास २४. मग रोजच्या फोनचा आकडा तासाच्या फोनच्या २४ पट हवा, म्हणजे १२,०००. पण ठेवलाय तो १० पटच. मला त्याचा अर्थ असा लागला, की नुसता उशीर मोजून भागत नाही, हात किती बदलले तेही मोजावं लागतं. समजा सांगलीहून चिपळूणला दिवसातून एकच थेट एसटी आहे आणि कराड, पाटण करत गाड्या बदलत गेलं तर तासातासाला सोय आहे. घड्याळाने हिशोब केला तर बदलत जाणं बरं. पण प्रत्येक थांब्यावर एक पिशवी हरवायची शक्यता असते. अण्णा म्हणाले, ‘ट्रान्झिट जितके कमी, तितकी बॅग शाबूत.’ तीस वर्षं डब्यात उभं राहून शिकलेली गोष्ट त्या आकड्यांत होती.

वाट काढायची रीत मूळची एड्सगर डायक्स्ट्रा यांची. डच माणूस. १९५६ साली ॲमस्टरडॅमच्या मॅथेमॅटिश सेंट्रम या संस्थेत काम करत असताना त्यांना ती सुचली आणि १९५९ साली छापून आली. संस्थेच्या नव्या संगणकाचं काम लोकांना समजावं, म्हणून नेदरलँड्समधल्या गावांमधली जवळची वाट काढून दाखवायची होती, त्यासाठी. पुढे अमेरिकेतून युरोपात जाणारं यूयूसीपीचं टपाल ज्या मशीनवरून जायचं त्याचं नाव एमसीव्हॅक्स. त्यातलं ‘एमसी’ म्हणजे तेच मॅथेमॅटिश सेंट्रम. ज्या संस्थेच्या आसऱ्याने ती रीत जन्मली, तिच्याच दारात तीस वर्षांनी त्याच रीतीने काढलेल्या वाटांवरून टपाल येत होतं. हे मला कळलं तेव्हा रात्री दोन वाजता मशीन रूममध्ये मी एकटीच होते, आणि सांगायला जवळ कुणी नाही याचं फार वाईट वाटलं होतं.

आता यादी. प्रोग्रॅम कितीही हुशार असला तरी त्याला यादी कुणीतरी द्यायला हवी. ती द्यायला यूयूसीपी मॅपिंग प्रोजेक्ट होता. कंपनी नाही, खातं नाही, सगळे हौसेने काम करणारे. प्रत्येक मशीनच्या देखभाल करणाऱ्याने आपली नोंद लिहून पाठवायची. मशीनचं नाव, संस्था, संपर्काचा माणूस, त्याचा फोन, टपालाचा पत्ता, अक्षांश-रेखांश आणि खाली शेजाऱ्यांची नावं, प्रत्येकापुढे फोन किती वेळा होतो ते. देशांच्या आणि राज्यांच्या वेगळ्या फाइली होत्या. महिन्याच्या महिन्याला नवा नकाशा यायचा, तो उलगडून पाथअलायसला घालायचा आणि नवी वाटांची यादी चढवायची, हे माझं काम. १९८६ साली त्या नकाशात साडेपाच हजारांवर मशीनं आणि वीसेक हजार दुवे होते.

आमच्या विभागाची नोंद नवी करायची होती, तेव्हा अक्षांश-रेखांशासाठी मी ग्रंथालयात जाऊन ॲटलास काढला. त्यात आमच्या इमारतीचे आकडे कुठून असणार, गावाचे होते. तशी सोय नोंदीतच होती. गावाचे आकडे दिले असतील तर ओळीच्या शेवटी ‘सिटी’ असा शब्द लिहायचा, म्हणजे वाचणाऱ्याला कळावं की हा अंदाज आहे. ज्यांना कुणी विचारणार नव्हतं, तपासणार नव्हतं, त्या लोकांनी एकमेकांसाठी इतक्या प्रामाणिकपणे लिहून ठेवलं होतं. मला त्या एका शब्दाचं आजही मोल वाटतं.

आणखी एक. काही मशीनांनी ‘आम्ही अमक्याला फोन करतो’ असं लिहिलेलं असे, पण त्यांना फोन करतो असं दुसऱ्या कुणीच लिहिलेलं नसे. म्हणजे त्यांच्यापर्यंत जायची वाट नकाशात नाही. पाथअलायस त्यांना सोडून देत नसे. सगळ्या वाटा काढून झाल्या की मागे राहिलेल्या मशीनांकडे वळे आणि त्यांनीच सांगितलेला दुवा उलटा धरून पाही: तुम्ही त्यांच्याकडे जाता, तर ते तुमच्याकडे येऊ शकत असतील. बहुतेक वेळा पत्र पोहोचायचं.

पोहोचायचं नाही तेव्हा काय व्हायचं, तेही सांगते. १९८८ च्या मार्चमध्ये मी न्यू जर्सीतल्या एका संशोधकांना माझ्या प्रबंधातलं एक सुधारलेलं कोष्टक पाठवलं. सोमवारी पाठवलं, शुक्रवारपर्यंत त्यांना हवं होतं. वाट मी स्वतः तपासलेली होती, पाच मशीनांची. दुसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी पत्र परत आलं. अण्णा परत आलेलं पाकीट उलटंसुलटं करून शिक्के वाचायचे, कुठल्या गावी कुठल्या तारखेला थांबलं ते बोटाने दाखवायचे. मीही तसंच वाचलं. यूयूसीपीत प्रत्येक मशीन पत्राच्या डोक्यावर आपली एक ओळ टाकायचं: कुणाकडून आलं, कधी आलं. खालून वर वाचत गेले. पहिलं मशीन, सोमवारी रात्री ११ वाजून १२ मिनिटं. दुसरं, मंगळवार पहाटे. तिसऱ्यानंतर मात्र अनोळखी नाव. तिसऱ्या मशीनने माझी वाट पुसून स्वतःच्या यादीतली ‘जवळची’ वाट लिहिली होती. आणि त्या यादीत, मला जिथे जायचं होतं त्याच नावाचं एक दुसरंच मशीन होतं, भलत्याच राज्यात. मशीनांची नावं ज्याने त्याने ठेवलेली, कुणाला विचारायची पद्धत नाही, त्यामुळे जुळी नावं व्हायचीच. पाथअलायसला ते ठाऊक होतं. नाव खासगी आहे असं फाइलीत लिहिलं की तो दोन वेगळी धरायचा. पण ते लिहिणारा माणूस हवा.

मला त्या मशीनच्या चालकाचा राग आला होता, आजही थोडा आहे. पाठवणाऱ्याने विचार करून वाट लिहिली असेल तर मधल्याने ती बदलू नये. बॅगेवर ‘व्हाया कोल्हापूर’ लिहिलंय आणि सॉर्टरला वाटलं बेळगाव जवळ पडेल, म्हणून त्याने बॅग फिरवली, असं आरएमएसमध्ये चाललं नसतं.

उद्गारचिन्हाचा आणि आज सगळ्यांना माहीत असलेल्या ॲटच्या चिन्हाचा झगडाही तेव्हाचाच. अर्पानेटवाल्यांचा पत्ता उजवीकडून वाचायचा, आमचा डावीकडून. एकाच पत्त्यात दोन्ही चिन्हं आली, म्हणजे ‘अ!ब@क’ असं लिहिलं, तर पत्र आधी अ कडे द्यायचं की क कडे? दोन्ही उत्तरं देणारी मशीनं होती. १९८६ साली मार्क हॉर्टन यांनी यावर नियम लिहिले, तरी दोन-तीन वर्षं गोंधळ चालूच होता.

तो संपला डोमेन नावांमुळे, म्हणजे आज ॲटच्या चिन्हानंतर लिहितो त्या नावांमुळे. पत्ता फक्त ‘कुठे’ सांगू लागला, ‘कसं जायचं’ ते यंत्रणा बघू लागली. ही कल्पना आपल्याला नवी नव्हती. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला तो ज्यांच्यामुळे, ते श्रीराम भिकाजी वेलणकर रत्नागिरी जिल्ह्यातले, संस्कृतचे कवी. त्यांच्या सहा आकड्यांनी ‘व्हाया’ची गरज अशीच कमी केली. पिनकोड आला तेव्हा अण्णा म्हणाले होते, आता नव्या पोरांना गावं पाठ करावी लागणार नाहीत. त्या बोलण्यात आनंद होता आणि दुसरंही काहीतरी होतं. १९८९-९० मध्ये मशीन रूममध्ये बसून मला तेच वाटत होतं.

त्याच सुमारास, १९८९ साली, एनसीएसटी आणि यूयूनेट ही व्हर्जिनियातली टपाल पुढे पोहोचवणारी संस्था यांच्यात कायमची लाइन सुरू झाली. सेकंदाला ९६०० बिट. आज मोबाइलवर काढलेला तीन एमबीचा एक फोटो त्या लाइनवरून जायला चाळीस मिनिटं लागली असती, आणि त्या एका लाइनीवर देशभरातल्या संशोधकांचं टपाल होतं. जुहूच्या मशीनचं नाव ‘शक्ती’. अमेरिकन नावांच्या रांगेत हे नाव पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते मी मोठ्याने वाचलं होतं.

अण्णांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला देता आलं नव्हतं. मधल्यांचा खर्च कोण देतं? कुणीच नाही. म्हणजे ज्याचा त्याने. आयएचएनपी४ सारख्या मशीनवरून दररोज हजारो अनोळखी लोकांची पत्रं पुढे जात होती. फोनचं बिल त्या संस्थेचं, मशीनचा वेळ त्या संस्थेचा, आणि रात्री अडलेलं टपाल मोकळं करायला उठणारा माणूसही त्यांचाच. कुठल्याही दिवशी ते ‘आमच्यावरून जाऊ नका’ म्हणू शकले असते. पुढे काहींनी म्हटलंही, आणि त्यांना दोष देता येणार नाही. पण दहाएक वर्षं जगाचं टपाल त्या मधल्यांच्या जिवावर चाललं. आपल्या लेखात कंपन्या आहेत, मंत्री आहेत, उद्घाटनं आहेत. हे मधले कुठेही नाहीत, म्हणून हे पत्र.

माझ्या विनंत्या दोन आहेत. पहिली आपल्याला: ई-मेल आल्याची ती तारीख दुरुस्त करावी. दुसरी वाचकांना: ऐंशीच्या दशकात जुहूला, पवईला किंवा पुण्या-मुंबईच्या एखाद्या संस्थेत मॉडेमवरून टपाल सांभाळलेले लोक आज साठी-सत्तरीत असतील. आपल्या मशीनचं नाव काय होतं, ते कुणाला फोन करायचं, किती वाजता करायचं, आणि लाइन लागली नाही तर कोण उठून पुन्हा लावायचं, एवढं तरी लिहून ठेवा. जुन्या टेप, छापील याद्या असतील तर घर आवरताना रद्दीत देऊ नका.

माझ्याकडे १९८८ च्या एप्रिलमधली वाटांची पूर्ण यादी आहे. हिरव्या पट्ट्यांच्या, कडेला भोकं असलेल्या सलग कागदावर छापलेली, सुतळीने बांधून ट्रंकेत ठेवलेला गठ्ठा. वरच्या कागदावर अण्णांच्या अक्षरात तीन वाटांखाली पेन्सिलीने रेघ आहे. त्यांच्या मते त्या तिन्ही सुधारता आल्या असत्या. एका वाटेबद्दल ते नक्की बरोबर होते. एखादं संग्रहालय किंवा विद्यापीठ हा गठ्ठा नीट सांभाळणार असेल, तर त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत मला कळवावं. मी तो घेऊन स्वतः येईन.

आपली नम्र,
एक निवृत्त संगणकशास्त्र प्राध्यापिका, मिरज
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)